पाठ म्हणणारा संघ : प्रस्तावना

त्रिशरण-पंचशील महाराष्ट्रात लाखो घरांत तोंडपाठ आहे. बारसं असो, लग्न असो, गृहप्रवेश असो की जलदानाचा विधी, पाली गाथांशिवाय कार्यक्रमाला सुरुवात होत नाही. रविवारी वस्तीतल्या विहारात पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका बसतात, पुरुष बसतात, मध्येच चुळबुळणारी पोरं बसतात आणि अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी त्या पोरांना चाल पाठ होऊन जाते. इतकी ओळख असूनही हे पाठ ज्या जगण्यातून आले, ते जगणं आपल्यातल्या फार थोड्यांनी जवळून पाहिलेलं असतं. भिक्खू आपल्याला दिसतात ते धम्म परिषदेच्या व्यासपीठावर, नाहीतर परित्राण पाठासाठी घरी आले म्हणजे. ते उठतात कधी, त्यांचं जेवण येतं कुठून, चीवर शिवतं कोण, दिवसभरात ते काय काय म्हणतात आणि कशासाठी म्हणतात, हे सहसा कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

या पुस्तकात सकाळ-संध्याकाळचे पाली पाठ आहेत, त्यांचे मराठी अर्थ आहेत आणि कोणता पाठ दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणतं काम करताना म्हणतात याच्या नोंदी आहेत. या नोंदी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. दिनक्रमातून सोडवून वाचले की हे पाठ स्तोत्रांसारखे वाटतात. स्तोत्र म्हटलं की आपण हात जोडतो आणि विचार करायचं थांबवतो. तेच पाठ दिनक्रमात परत नेऊन ठेवले, की ती कामाची वाक्यं आहेत हे लक्षात येतं. चीवर पांघरताना काय आठवायचं, घास घेण्यापूर्वी काय आठवायचं, झोपण्याआधी दिवसभरात वापरलेल्या वस्तूंचा हिशेब मनाशी कसा करायचा, असा रोखठोक व्यवहार त्यांत आहे. मागणं जवळपास नाहीच.

बौद्ध संघाचे रिवाज देशागणिक बदलतात. श्रीलंकेतलं पिरित, ब्रह्मदेशातल्या विहारांतलं पठण, तिबेटी मठांतला खर्जातला घोष आणि जपानमधल्या झेन मठातली सूत्रं यांचं एकत्र वर्णन करायला गेलं, तर कशाचंच धड होणार नाही. म्हणून इथं एकच घर निवडलं आहे : ईशान्य थायलंडमधली, म्हणजे इसान भागातली, आजान चा यांची अरण्यपरंपरा.

आजान चा यांचा जन्म १९१८चा, उबोन राचथानी प्रांतातल्या एका शेतकरी कुटुंबातला. अनेक वर्षं रानोमाळ भटकून, झाडाखाली नाहीतर स्मशानात मुक्काम करून ते १९५४ साली आपल्या जन्मगावाजवळच्या जंगलात परतले आणि तिथंच वट नोंग पा फोंग हा विहार उभा राहिला. सुरुवातीच्या काळात हिवतापानं भिक्खूंना बेजार केलं. औषधं अपुरी, खायला चिकट भात आणि त्याबरोबर मिळेल ते. १९६७ साली सुमेधो नावाचे अमेरिकन भिक्खू तिथं येऊन राहिले, त्यांच्या मागोमाग आणखी परदेशी आले आणि १९७५ साली बुंग वाय गावाजवळ त्यांच्यासाठी वट पा नानाचाट हा वेगळा विहार निघाला. पुढं सुमेधो इंग्लंडला गेले. तिथं १९७९ साली चित्तविवेक आणि १९८४ साली अमरावती हे विहार स्थापन झाले. (ही अमरावती विदर्भातली नव्हे, हर्टफर्डशायरमधली!) आज या परंपरेच्या शाखा थायलंडमध्ये दोनशेहून अधिक आहेत आणि बाहेरच्या देशांतही आहेत. सगळीकडे दिनक्रम थोड्याफार फरकानं एकच.

पहाटे तीनला घंटा होते. भिक्खूंच्या कुटी झाडीत एकमेकींपासून लांब लांब असतात. कुटी म्हणजे खांबांवर उभी केलेली एक लहान खोली आणि शेजारी चंक्रमणासाठी, म्हणजे चालत ध्यान करण्यासाठी, झाडून ठेवलेली सरळ वाट. विजेरीच्या उजेडात पायाखाली साप-विंचू नाही ना हे बघत एकेक जण सभागृहाकडे निघतो. बसण्याची जागा ठरलेली असते आणि ती वयावर, शिक्षणावर किंवा देशावर ठरत नाही. उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, कधी झाली एवढंच बघतात. उपसंपदेची वेळसुद्धा नोंदवलेली असते, त्यामुळे एकाच दिवशी दीक्षा घेतलेल्या दोघांतही आधीचा कोण आणि नंतरचा कोण हे पक्कं असतं. साठी उलटलेला नवा भिक्खू पंचविशीतल्या जुन्या भिक्खूच्या मागं बसतो, त्याच्यानंतर जेवण घेतो आणि त्याला वाकून नमस्कार करतो. बाहेरच्या जगात मोठ्या हुद्द्यावर काम केलेल्या माणसाला पहिला धडा इथंच मिळतो, पाठ सुरू होण्याच्याही आधी.

साडेतीनच्या सुमाराला पठण सुरू होतं. ज्येष्ठ भिक्खू पहिले शब्द एकटा म्हणतो, मग सगळे त्याच्यात मिसळतात. सुरुवातीला बुद्ध, धम्म आणि संघ यांचे गुण. इथपर्यंत मराठी वाचकाला सगळं ओळखीचं वाटेल, कारण आपल्याकडची वंदना याच सामग्रीवर उभी आहे. पण गुणगान संपताच पाठ एकदम वळण घेतो. जन्म दुःख आहे, जरा दुःख आहे, मरण दुःख आहे. नावडत्याची गाठ पडणं आणि आवडत्याचा वियोग होणं दुःख आहे. मग रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाच स्कंध एकेक घेऊन ते अनित्य आहेत आणि ‘मी’ म्हणावं असं त्यांत काही नाही, हे ओळीनं सांगितलं जातं. या भागाला संवेगपरिकित्तन म्हणतात. पहाटेच्या अंधारात, रिकाम्या पोटी, डोळ्यांवर झोप असताना हे म्हणायचं. सकाळची सुरुवात प्रसन्न व्हावी अशी अपेक्षा घेऊन आलेल्या पाहुण्यांना हा पाठ पहिल्या दिवशी हमखास जड जातो.

आज थायलंडभर चालणाऱ्या या सकाळ-संध्याकाळच्या पाठांची मांडणी राजा मोंगकुट यांची मानली जाते. गादीवर येण्याआधी, १८२४ ते १८५१ अशी सत्तावीस वर्षं, ते भिक्खू होते आणि पालीचे पक्के जाणकार होते. जुन्या सुत्तांतले उतारे आणि नव्यानं रचलेलं पाली गद्य-पद्य यांतून हा नित्यपाठ बांधला गेला. लोक पुढं तो पालीतच म्हणत राहिले. ओळीमागून ओळ थाई अर्थ जोडून म्हणण्याची पद्धत रुजवण्यात भिक्खू बुद्धदास यांच्या सुआन मोक्ख या विहाराचा मोठा वाटा आहे. हा विहार त्यांनी १९३२ साली दक्षिण थायलंडमधल्या चैया इथं काढला. आजान चा यांच्या विहारांनी हीच अर्थासह म्हणण्याची पद्धत उचलली. पालीची एक ओळ, लगेच थाईची एक ओळ. इंग्लंडमधल्या शाखांनी इंग्रजी अर्थाची पाठपुस्तिका केली आणि कुठला शब्द वरच्या पट्टीत, कुठला खालच्या, याच्या खुणाही तीत छापल्या.

अर्थासह म्हणावं की नुसती पाली म्हणावी, यावर भिक्खूंमध्येही एकमत नाही. मला स्वतःला अर्थाची बाजू पटते. पण तीतून एक गैरसमज तयार होतो. अर्थ कळला की यांत्रिकपणा जाईल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. मातृभाषेतलं वाक्यसुद्धा रोज म्हटलं की काही आठवड्यांत जिभेवर बसतं आणि मन दुसरीकडं फिरायला मोकळं होतं. मरण माझ्या वाट्याला येणारच आहे, असं थाईत, इंग्रजीत किंवा मराठीत म्हणता म्हणता माणूस नाश्त्याचा विचार करू शकतो. विहारातल्या ज्येष्ठांना हे पुरतं ठाऊक असतं. म्हणूनच पठणानंतर तासभर नि:शब्द बैठक असते आणि म्हणूनच म्हटलेली गोष्ट दिवसभरात कुठं ना कुठं हाताला लागेल अशी सोय केलेली असते.

पठणाच्या सुराबद्दल एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण मराठी माणसाला भजन-कीर्तनाचा आणि भीमगीतांचा कान आहे. भिक्खूंचं पठण ऐकून पहिल्यांदा वाटतं, यात गाणं कुठाय? दोन-तीन सुरांत सगळं चालतं. तान नाही, आलाप नाही, ताल धरायला काही नाही. हे अडाणीपणानं झालेलं नाही. लांबवलेल्या गाण्याच्या सुरात धम्म म्हणू नये असा विनयाचा, म्हणजे संघाच्या नियमसंहितेचा, नियमच आहे आणि त्याची पाच कारणं दिलेली आहेत. म्हणणारा स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात पडतो. ऐकणारे आवाजाच्या प्रेमात पडतात. हे तर आमच्यासारखेच गातात, असं म्हणून गृहस्थ नावं ठेवतात. सुराच्या मागं लागल्यानं चित्ताची एकाग्रता मोडते. आणि पुढची पिढी तेच उचलते. गायकीच्या मोहाचं इतकं अचूक निदान एखाद्या कसलेल्या संगीत समीक्षकालाही साधेल की नाही, शंका आहे.

मात्र सूर पूर्ण बंद केलेला नाही. सरभञ्ञ नावाच्या स्पष्ट, सौम्य स्वरपठणाला परवानगी आहे. सोण कुटिकण्ण हा अवंतीचा तरुण भिक्खू बुद्धांना भेटायला आला, तेव्हा पहाटे बुद्धांनी त्याला धम्म म्हणायला सांगितलं. त्यानं अट्ठकवग्ग हा सुत्तसमूह म्हटला आणि त्याच्या स्वच्छ, निर्दोष उच्चारांचं बुद्धांनी कौतुक केलं. हाच सोण आपल्या गुरूंचा, महाकच्चानांचा, निरोप घेऊन आला होता. अवंती-दक्षिणापथात भिक्खू थोडे, जमीन काळी, खडबडीत, गुरांच्या खुरांनी उखणलेली. तेव्हा तिकडच्या भिक्खूंना नियमांत थोडी सूट मिळावी, जाड तळाच्या वहाणा वापरू द्याव्यात, असा तो निरोप. खानदेश-विदर्भातल्या वाचकाला ही काळी जमीन समजावून सांगायला नको. इसानमध्ये आज याच सरभञ्ञाच्या नावानं खेड्यातल्या बायका विहारात पदं गातात. भिक्खूंना जे नाकारलं, ते उपासिकांनी आपल्या परीनं फुलवलं.

उजाडलं की पिंडपात. भिक्खू अनवाणी, एका ओळीत, पात्र घेऊन गावाकडं निघतात. वाटेवर लोक भाताची टोपली घेऊन बसलेले असतात. एकेका पात्रात चिमूटभर चिकट भात पडतो. मागायचं नाही, काय हवं ते सुचवायचं नाही, आभार मानायचे नाहीत. भिक्खू पैसे हाताळत नाहीत आणि आज मिळालेलं अन्न उद्यासाठी ठेवता येत नाही. त्यामुळं विहार गावावर रोज नव्यानं अवलंबून राहतो. एखाद्या दिवशी गाव आलं नाही, तर विहार उपाशी.

विहारात परतल्यावर गोळा झालेलं अन्न एकत्र करतात आणि ते ज्येष्ठतेच्या क्रमानं पुढं सरकतं. प्रत्येकानं आपल्या पात्रात घ्यायचं. दिवसाचं एकच जेवण, आठच्या सुमाराला, आणि एकाच भांड्यात. भात, मिरचीचं कालवण, मासा, आंब्याची फोड, नारळाच्या दुधातली खीर, सगळं एका पात्रात येतं आणि थोड्या वेळात एकमेकांत मिसळतं. वाढून झालं तरी कुणी हात लावत नाही. आधी गावकऱ्यांसाठी अनुमोदन म्हणायचं असतं. पहिला भाग ज्येष्ठ भिक्खू एकटा म्हणतो. तो सुरू होताच समोर बसलेल्या बायका छोट्या सुरईतून वाटीत पाण्याची धार धरतात. आपल्या पुण्याचा वाटा मेलेल्या आप्तांना देण्याची ही रीत. ज्येष्ठाचा भाग संपून सगळ्यांचा आवाज उठला, की धार संपवायची आणि पुढं हात जोडून आशीर्वाद ऐकायचा. आयुष्य, वर्ण, सुख आणि बळ या चार गोष्टी त्यात चिंतलेल्या असतात. वाटीतलं पाणी नंतर झाडाच्या मुळाशी ओततात.

त्यानंतर प्रत्येक भिक्खू समोरच्या पात्राकडं बघून अन्नाचं चिंतन करतो. हे अन्न मजेसाठी नाही, अंगात मस्ती यावी म्हणून नाही, रूप खुलावं म्हणून नाही. शरीर टिकावं, भुकेची कळ शमावी आणि साधना चालावी, एवढ्यासाठी आहे. पाठ कामाची वाक्यं आहेत असं मी वर म्हटलं, त्याचा पुरावा इथं मिळतो. हे वाक्य कालवणात मिसळलेल्या खिरीकडं बघत म्हणायचं असतं. चार प्रत्ययांचं, म्हणजे चीवर, अन्न, निवारा आणि औषध यांचं, असंच चिंतन आहे. चीवर थंडी-वाऱ्यापासून, डास-माश्यांपासून बचाव व्हावा आणि लाज झाकावी म्हणून. निवारा ऋतूंचा त्रास टळावा आणि एकांत मिळावा म्हणून. वापरताना आठवायचं राहून गेलं, तर संध्याकाळच्या पाठात त्याची भूतकाळी आवृत्ती आहे : आज मी जे न आठवता वापरलं, ते अमुक कारणासाठी होतं. राहून गेलेल्या आठवणीसाठी इतकी व्यवस्था केलेली पाहिली, की नियम करणाऱ्यांना माणसाची किती नेमकी पारख होती हे कळतं.

दुपार बहुतेक शांत जाते, ध्यानात नाहीतर कुटीच्या कामांत. तीनच्या सुमाराला लांब दांड्याचे झाडू निघतात आणि सगळे मिळून वाटा झाडतात. जंगलात पानं झाडण्याला अंत नसतो. शिवणकाम भिक्खू स्वतः करतात. चीवर धुण्या-रंगवण्यासाठी फणसाच्या लाकडाचा गाभा उकळून काढा करतात. वस्त्राला येणारा तो तपकिरी-पिवळा रंग कोकणातल्या वाचकाला फणसाच्या पाटावरून अंदाजानं कळेल. या कामांना कुठलाही पाठ जोडलेला नाही. पात्राची मात्र काटेकोर शिस्त आहे. पात्र हातात असताना दार उघडायचं नाही, ते कडेला ठेवायचं नाही, धुतल्यावर उन्हात ठेवायचं पण जास्त वेळ नाही. ज्येष्ठ भिक्खू पिंडपाताहून परतले की तरुण भिक्खू धावत जाऊन त्यांचे पाय धुतात. सुमेधोंना सुरुवातीला हा प्रकार हास्यास्पद वाटला होता आणि पुढं एके दिवशी सर्वांत आधी धावणारे तेच होते, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे.

संध्याकाळच्या पठणात पाच आठवणींचा पाठ येतो. म्हातारपण मला चुकलेलं नाही, आजार चुकलेला नाही, मरण चुकलेलं नाही. जे जे प्रिय आहे त्यापासून ताटातूट होणार. आणि माझ्या कर्माचा वारसा माझ्याकडंच येणार. वट नोंग पा फोंगमध्ये हा पाठ अनेक वर्षं एका विशिष्ट माणसाच्या सावलीत म्हटला गेला. आजान चा यांचं शरीर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून निकामी होत गेलं. बोलणं थांबलं, हालचाल थांबली. १६ जानेवारी १९९२ रोजी ते वारले, तोपर्यंत शिष्यांनी पाळ्या लावून त्यांची शुश्रूषा केली. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं हे सगळं त्या पाळ्यांत होतं. आजार चुकलेला नाही, हे वाक्य सभागृहात म्हणायचं आणि तिथून उठून आजारी गुरूच्या कुटीवर पाळीला जायचं. त्या वर्षांत तिथं राहिलेल्यांना या पाठाचा अर्थ वेगळा विचारावा लागला नसेल.

दर पौर्णिमेला आणि अमावास्येला दिनक्रम बदलतो. आदल्या दिवशी डोकी भादरून झालेली असतात. उपोसथाला भिक्खू आधी दोघा-दोघांनी बसून आपल्या चुका एकमेकांना सांगतात आणि मग पातिमोक्ख ऐकायला जमतात. किमान चार भिक्खू लागतात. गृहस्थ आणि श्रामणेर तिथं बसत नाहीत. एक भिक्खू २२७ नियम पालीत तोंडपाठ म्हणतो, सुमारे पाऊण तास ते तासभर, भरधाव वेगानं. दुसरा पुस्तकात बोट ठेवून बसतो आणि अक्षर चुकलं की तिथंच थांबवतो. पहिले चार नियम मोडले तर भिक्खूपणच संपतं. पुढं तीव्रता उतरत जाते आणि शेवटाकडं पंचाहत्तर शिष्टाचार येतात. जेवताना ‘चपुचपु’ आवाज करू नये, ‘सुरुसुरु’ आवाज करून पिऊ नये, गाल फुगवून खाऊ नये. खून, चोरी, मैथुन आणि अलौकिक प्राप्तीचे खोटे दावे यांच्या निषेधापासून सुरू झालेलं गंभीर पठण घासाच्या आवाजापर्यंत येऊन पोचतं, तेव्हा आपल्या आजीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. माणसं चोवीस तास एकत्र राहतात तिथं चपुचपुवरूनही भांडणं होतात, हे नियम करणाऱ्यांना माहीत होतं.

पातिमोक्ख पाठ असणाऱ्या भिक्खूला आजही मान आहे आणि त्याची मुळं जुनी आहेत. बुद्धवचन पहिली काही शतकं फक्त माणसांच्या तोंडी होतं. श्रीलंकेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळात ते ताडपत्रांवर उतरलं. तोपर्यंत दीघनिकाय सांभाळणारे वेगळे, मज्झिमनिकाय सांभाळणारे वेगळे, अशा भाणकांच्या परंपरा होत्या. हे दूरचं वाटेल, पण पुणे-मुंबई रस्त्यावरच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात चला. तिथल्या एका खांबावर दानलेख आहे : सोपाऱ्याचा, धम्मुत्तरीय संप्रदायाचा भाणक सातिमित्र यानं हा खांब दिला. पाठ म्हणणारा माणूस, त्याचं गाव आणि त्याचा संप्रदाय, सगळं आपल्याच सह्याद्रीत दगडावर कोरलेलं आहे. ही स्मरणशक्ती अलीकडंही संपलेली नव्हती. ब्रह्मदेशातल्या मिंगुन सयाडोंनी विसाव्या शतकाच्या मध्याला संपूर्ण तिपिटक तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं.

मराठीला हा विषय नवा नाही. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली श्रीलंकेला गेले, विद्योदय परिवेणात पाली शिकले, श्रामणेर झाले आणि पुढं ब्रह्मदेशातही राहिले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्या जगण्याचं वर्णन आहे आणि ‘बौद्ध संघाचा परिचय’ या पुस्तकात विनयाचं. विनय समजून घ्यायचा असेल, तर मराठी वाचकानं अजूनही तिथूनच सुरुवात करावी. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात महास्थवीर चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतलं. त्याच वर्षी त्यांनी तयार केलेली ‘बौद्ध पूजा पाठ’ ही पुस्तिका आली. प्रचंड संख्येनं धम्मात येणाऱ्या माणसांच्या हाती आधी म्हणायचे शब्द द्यायला हवेत, हे त्यांनी ओळखलं होतं. आज वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. साधारण त्याच काळात इसानमधले भिक्खू एका जागी राहून साधना वाढवतात. दोन्हीकडं ऋतू पावसाचाच.

उच्चारांबद्दल आधीच सावध करतो. थाई पठण ऐकून मराठी माणूस गोंधळतो, कारण तिथं ‘बुद्धो’चा उच्चार ‘फुत्थो’सारखा होतो आणि ‘धम्म’चा ‘थम्म’सारखा. ब्रह्मदेशात ‘स’ दातांत अडकून ‘थ’च्या जवळ जातो. पाली सगळीकडं एक, जिभा वेगळ्या. आपल्या देवनागरी उच्चारांचा अभिमान बाळगून कुणाला हसण्याचं कारण नाही.

या परंपरेत सगळं आदर्श आहे, असा आव या पुस्तकानं आणलेला नाही, ते बरं केलं. थायलंडमध्ये परित्राण पाठाला धंद्याचं आणि तोडग्याचं रूप आलेलं जागोजागी दिसतं. नव्या दुकानाला, नव्या गाडीला पाठ हवा. बुद्धमूर्तीपासून पांढरा दोरा ताणून तो सगळ्या भिक्खूंच्या हातांतून फिरवायचा. मंगलकार्याला भिक्खू विषम संख्येत आणि अंत्यविधीला चार. दोरा बंदच करा, असं मी म्हणणार नाही. घाबरलेल्या माणसाला धीर हवा असतो. पण मंगलसुत्तात आईवडिलांची सेवा, कष्ट, नम्रता, कृतज्ञता यांनाच मंगल म्हटलेलं असताना ते सुत्त दुकानाच्या बरकतीसाठी म्हणवून घेणं आणि अर्थ न ऐकताच उठून जाणं, हा पाठाशी केलेला अन्यायच आहे.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा आहे. थायलंडमध्ये मे-ची, म्हणजे पांढऱ्या वस्त्रांतल्या साध्वी, तेच पाठ तितक्याच निष्ठेनं म्हणतात; पण त्यांना भिक्खुणीचा दर्जा नाही. इंग्लंडमध्ये १९८३पासून दहा शीलांची सीलधरा दीक्षा सुरू झाली, तीही पूर्ण उपसंपदा नव्हे. २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळ चार स्त्रियांना भिक्खुणी उपसंपदा दिली गेली, तेव्हा वट नोंग पा फोंगनं तिथल्या विहाराशी आणि त्याचे प्रमुख आजान ब्रह्म यांच्याशी संबंध तोडले. विनयाचे युक्तिवाद दोन्ही बाजूंनी आहेत. माझं मत विचाराल तर दार उघडायला हवं होतं. ज्येष्ठतेपुढं हुद्दा आणि वंश विसरणाऱ्या संघाला इथं मात्र शेवटच्या रांगेचा प्रश्न सोडवता आलेला नाही.

आता हे पुस्तक वापरायचं कसं, ते सांगतो. ते पहिल्या पानापासून सलग वाचू नका. असे पाठ सलग वाचले तर कंटाळा येतो आणि तो येणं रास्त आहे. अन्नाच्या चिंतनापासून सुरू करा. जेवायला बसल्यावर, पान वाढलेलं असताना, पहिला घास घेण्यापूर्वी ते मराठीतच म्हणा, मोठ्यानं नाहीतर मनात. ते सवयीचं झालं, की संध्याकाळच्या पाच आठवणी घ्या. वंदना लहानपणापासून पाठ असलेल्यांनी मराठी अर्थ वगळू नयेत. आपण इतकी वर्षं काय म्हणत आलो, हे त्यांनाच सर्वांत जास्त चकित करेल. विहार समित्यांना एवढीच विनंती, की येत्या वर्षावासात ग्रंथवाचनानंतर दहा मिनिटं काढावीत, रोज एका पाठाचा अर्थ तरुण मुला-मुलींपैकी कुणाकडून तरी वाचून घ्यावा आणि त्यांना प्रश्न विचारू द्यावेत.